फोटोचे वजन

वजन साहेबाला असते, शिफारशीच्या चिठ्ठीला असते, उसाच्या मोळीला असते. फोटोलाही असते, हे मात्र बी.कॉम.पर्यंत मला कुणी शिकवले नव्हते. शिरूर-चौफुला रस्त्यावरच्या न्हावऱ्याला माझी बदली झाली आणि वर्षभरात गावाने मला पदवी बहाल केली : 'फोटू बारीक करणारे साहेब'. कॅशियरची कामे करून उरलेल्या वेळात मी मेलने पाठवायच्या फोटोंचे वजन उतरवतो. स्वतःचे अजून उतरलेले नाही, ही गोष्ट वेगळी.

बँकेच्या भरतीच्या अर्जाला फोटो 20 ते 50 केबीचा लागतो आणि सही 10 ते 20 केबीची. म्हणजे माणूस सहीच्या दुप्पट-अडीचपट. नोकरी लागल्यावर हे प्रमाण उलटे होते, पण ते पोरांना आधीच कशाला सांगा!

गेल्या वर्षी एक खातेदार मोबाईल घेऊन आले. वरून गेलेल्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासल्या, ठिणगी पडली आणि एकरभर ऊस गेला. भरपाईसाठी कचेरीने मेलवर फोटो मागवला होता, सगळे मिळून 200 केबीच्या आत. ह्यांचा फोटो 6 एमबीचा.

फोटो उघडून पाहिला. मधोमध आबा, फेटा बांधून. अंगाखांद्यावर नातवंडे. बाजूला भाऊ, भावजया, कुत्रे. अर्धा फोटो आकाश. मागे थोडा काळा ऊस, आणि कोपऱ्यात केसाएवढी तार. लग्नाचा फोटो असता तर मी कौतुक केले असते.

यात त्यांची चूक नव्हती. नॅथॅनियल बोरेनस्टाईन नावाच्या गृहस्थांनी 11 मार्च 1992 रोजी, आज आपण वापरतो त्या पद्धतीने, मेलला पहिला फोटो जोडला, तोही स्वतःच्या गाणाऱ्या चौकडीचा! तेव्हा ग्रुप फोटोची परंपरा जुनीच आहे.

सबंध फोटो दाबून बसवावा, तर जेपेग नावाचा कारकून मधे येतो. रंगातला बारीक फरक माणसाच्या डोळ्याला कळत नाही हे त्याला पक्के ठाऊक. शिवाय जागा वाचवायची म्हटली की तो आधी बारीकसारीक तपशील खातो. म्हणजे आबांचा फेटा राहणार आणि तार जाणार. भरपाई फेट्याची मिळत नसते.

म्हणून मी आधी दाबत नाही, कापतो. मूळ फोटो तिजोरीत, कात्री नकलेवर. (मूळ मागताना 'व्हॉट्सॲपवर टाका' म्हणू नये. तिथून साधा पाठवलेला फोटो वाटेतच वाळतो.) कापल्यावर लांबी-रुंदी उतरवायची. 4000 बाय 3000 म्हणजे 1 कोटी 20 लाख ठिपके, 1200 बाय 900 केले की 10 लाख 80 हजार. आणि मर्यादेच्या काठावर जाऊ नये. मेलमधून जाताना दर तीन बाइटांची चार अक्षरे होतात, म्हणजे वाटखर्च एक तृतीयांश.

मी आकाश कापले, कुत्रे कापले, भावजया कापल्या. आबांपाशी आलो तसा खातेदाराने माझा हात धरला.

"साहेब, आबान्ला नका कापू."

"अहो, कचेरीला आबा नकोत, तार हवी."

"तार त्यांचीच हाय, ती त्यांना ठावं हाय. आबा ठावं नाहीत."

सातबारा आबांच्या नावावर. ऊस आबांनी लावलेला. मी माऊस खाली ठेवला. रांगेतल्या दोघांनीही माझ्याकडे असे पाहिले की, जणू मी आबांचे खाते गोठवत होतो.

मग एकाच फोटोचे दोन केले. पहिल्यात तार आणि जळका ऊस, 110 केबी. दुसऱ्यात आबा, हातात जळक्या उसाचे कांडे, जे आधी गर्दीत दिसलेच नव्हते. 45 केबी. दोन्ही जोडून मेल धाडला.

चौथ्या दिवशी उत्तर आले : 'जोडपत्र क्र. 2 मधील व्यक्ती कोण, खुलासा करावा.'

खातेदार काउंटरवर थाप मारून म्हणाले, "बघा! इचारलं का न्हाई?"