साप्पोरोचे घड्याळघर

जपानच्या अगदी उत्तरेस होक्काइदो नावाचे विस्तीर्ण बेट आहे. साप्पोरो हे त्याचे मुख्य शहर. क्योतोसारख्या प्राचीन नगरीचे दर्शन घेऊन आम्ही येथे उतरलो, तेव्हा प्रथम नजरेत भरले ते रस्त्यांचे काटकोन. बुद्धिबळाच्या पटासारख्या आखलेल्या या शहरात जुन्या वळणाचा बोळ म्हणून सापडावयाचा नाही. १८६९ साली जपान सरकारने या बेटावर वसाहत करण्यासाठी स्वतंत्र खाते स्थापिले आणि त्यानंतर हे शहर उभे राहिले. मूळ रहिवासी ऐनू लोक. ‘साप्पोरो’ हे नावही त्यांच्याच भाषेतून आलेले. वसाहत वाढत गेली तशी त्यांची भूमी आणि भाषा दोन्ही आक्रसत गेल्या, हे येथील रुंद रस्त्यांवरून हिंडताना विसरता येत नाही.

शहराच्या मध्यभागी, उंच कचेऱ्यांच्या गराड्यात, एक पांढरी लाकडी इमारत अंग चोरून उभी आहे. तांबडे छप्पर, दोन मजले, माथ्यावर चौकोनी मनोरा व त्यात घड्याळ. हेच ते सुप्रसिद्ध ‘तोकेइदाइ’. चित्रांतून पाहिलेल्या भव्यतेची अपेक्षा धरून येणारे प्रवासी येथे हिरमुसतात; खुद्द जपानी लोकही अपेक्षाभंग करणाऱ्या स्थळांत त्याची गणना थट्टेने करतात. आमच्या मते मात्र या वास्तूचे मोल तिच्या उंचीत शोधू नये.

१८७६ साली येथे कृषी महाविद्यालय सुरू झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सहून आलेले विल्यम क्लार्क त्याचे आद्य चालक. जेमतेम आठ महिने राहून ते परतले. पण ‘मुलांनो, महत्त्वाकांक्षी व्हा’ हा त्यांचा निरोपाचा उपदेश जपानात आजही सर्वतोमुखी आहे. त्यांच्यामागून कारभार पाहणाऱ्या विल्यम व्हीलर यांच्या योजनेनुसार १८७८ साली ही इमारत उभी राहिली. तिचा मूळ हेतू कवायतीचा आणि समारंभांचा. पुढे राष्ट्रसंघाचे उपमहासचिव झालेले इनाझो नितोबे याच महाविद्यालयाचे विद्यार्थी.

घड्याळ मागाहून आले, आणि त्याची कथा मोठी गमतीची आहे. बोस्टनच्या हॉवर्ड कंपनीकडून मागविलेले यंत्र येऊन पोहोचले ते घंटेच्या लहानशा मनोऱ्यात मावेना! अखेर मनोराच नव्याने बांधावा लागला, आणि १८८१ च्या ऑगस्टात घड्याळ चालू झाले.

त्या काळी या ठोक्यांना काय अर्थ होता, हे ध्यानी घेतले पाहिजे. १८७३ पर्यंत जपानात दिवसाचे सहा व रात्रीचे सहा भाग करीत. सूर्योदय-सूर्यास्ताबरोबर त्यांची लांबी ऋतूनुसार कमीअधिक होई. आपल्याकडील घटका मात्र बारमाही चोवीस मिनिटांचीच. तेव्हा उन्हाळ्यात व हिवाळ्यात सारखाच भरणारा तास ही या लोकांच्या दृष्टीने नवलाई होती.

वरच्या मजल्यावर याच कंपनीचे तसेच एक यंत्र मांडून ठेवले आहे. दंतचक्रे, लंबक आणि वजने असा सारा सरळ कारभार. मनोऱ्यातील घड्याळाची वजने म्हणजे नदीतील गोटे भरलेल्या लाकडी पेट्या. त्या सावकाश खाली उतरतात आणि घड्याळ चालते. म्हणून आठवड्यातून दोनदा कोणीतरी वर चढून हाताने किल्ली द्यावी लागते. १९३३ साली शहरातील एका घड्याळजीने दुर्लक्षित झालेल्या या यंत्राची निगा विनामोबदला पत्करली; पुढे त्याच्या मुलाने ते व्रत चालविले.

महाविद्यालय अन्यत्र गेल्यावर १९०६ साली ही इमारतही जवळच्या जागी हलविण्यात आली. मग तेथे वाचनालय झाले. १९७० साली तिला महत्त्वाच्या सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. जागा बदलली, उपयोग बदलला, भोवतालचे शहर तर ओळखू न येण्याइतके बदलले. ठोके मात्र राहिले.

वाचकांपैकी अनेकांनी मुंबईचा राजाबाई मनोरा पाहिला असेल. तोही १८७८ सालीच पुरा झाला. तो सुमारे २८० फूट उंच आणि दगडी. त्याच्यापुढे हे लाकडी घर म्हणजे केवळ खेळणे. तथापि दगड आपल्या बळावर तग धरतो. लाकडी घराला, आणि त्यातील घड्याळाला, दर पिढीत कोणीतरी वाली भेटावा लागतो. घरापासून दूर वसलेल्या आम्हां मंडळींना हे वेगळे सांगावयास नको. आपल्या गावी शे-सव्वाशे वर्षांपूर्वी निघालेले वाचनालय, गणेशोत्सव, मराठी शाळा यांचीही हीच गत आहे: आठवड्यातून दोनदा जिना चढणारा कोणी असेल तोवरच ती चालावयाची. साप्पोरोस गेल्यास या घराकडे पाच मिनिटांत पाठ फिरवू नका. तासाचे टोले पडेपर्यंत तरी थांबा.