गुरुवारचे आप्पा

घानाला जायचे ठरले तेव्हा आमच्या आळीतला प्रत्येक जण सल्ला देऊन गेला. कुणी मलेरियाच्या गोळ्या आणल्या, कुणी सिंहांची चौकशी केली. सिंह मला दिसला तो एकदाच, आणि तोही त्यांच्या सरकारी मानचिन्हावर!

2019 सालच्या जानेवारीत आक्राला उतरलो. सहाराकडून येणारा हरमाटन वारा सुटलेला होता. सूर्य ताकासारखा पांढुरका, ओठांवर धूळ. विमानतळावर पासपोर्टाच्या आधी पिवळ्या तापाच्या लशीचे पुस्तक पाहण्यात आले, आणि मग ‘अक्वाबा’, म्हणजे या, स्वागत असो. पैसे बदलून घेतले. इथल्या चलनाचे नाव सेडी, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ कवडी. एके काळी आपल्या बाजूच्या मालदीवच्या कवड्या जहाजांतून या किनाऱ्यावर येत आणि बाजारात चालत. आपल्याकडे जी फुटकी म्हणून हिणवली गेली, तिने इथे नाणे होऊन मान मिळवला.

माझे बिऱ्हाड तेमा बंदरात होते. ग्रीनिचची रेषा या गावातूनच जाते, त्यामुळे घड्याळ घरच्यापेक्षा बरोबर साडेपाच तास मागे. कामावर जायला त्रोत्रो, म्हणजे आपली वडापच. तीच कोंबाकोंबी, तसाच दारात लोंबकळून ओरडणारा पोऱ्या. पहिल्याच दिवशी मी डाव्या हाताने पैसे पुढे केले नाहीत, याचे शेजारणीला फार कौतुक वाटले. डावा हात पुढे करणे तिथेही असभ्यपणाचे. आईच्या धपाट्यांचे चीज झाले म्हणायचे!

आणि नावे! अकान लोकांत मूल ज्या वारी जन्मते त्या वाराचे नाव त्याला मिळते. क्वामे एन्क्रूमा शनिवारचे, कोफी अन्नान शुक्रवारचे. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर सोम्या, बुध्या, शुक्र्या भेटतात, त्यातलाच प्रकार.

घरमालकीणबाईंना सगळे आंटी म्हणत. मीही म्हणू लागलो. त्यांची नजर पहिल्याच संध्याकाळी माझ्या डोक्यावर गेली. केस बोटभरसुद्धा वाढले नव्हते.

“घरात कोण गेले?” त्यांनी विचारले. दुःखात केस उतरवण्याची रीत त्यांच्यातही जुनी.

आप्पांना जाऊन तीन आठवडे झाले होते. तेराव्यानंतर लगेच मी निघालो होतो.

“मग अंत्यविधी कधी?”

“झाला. त्याच दिवशी, चार तासांत.”

आंटी बघतच राहिल्या. “चार तासांत? मग माणसे यायची कशी?”

त्यांच्याकडे प्रेत कित्येक आठवडे शवागारात ठेवतात. भिंतींवर फोटोसकट पत्रके लागतात, आणि सोयीच्या शनिवारी सगळा गोतावळा, अगदी परदेशातलासुद्धा, तांबडेकाळे कपडे घालून जमतो. मला हे पत्रकांचे प्रकरण आधी थोडे अतिच वाटले होते. पण आंटींच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझी धाकटी बहीण नागपूरहून पोचली तेव्हा आम्ही स्मशानातून परतलो होतो. तिला आप्पांचे तोंड दिसले नाही. त्यावर ती एक अक्षर बोलली नाही, आणि तेच मला खात होते. घराबाहेर हे मी प्रथम बोललो ते आंटींजवळ.

त्यांनी एवढेच विचारले, “वडील कोणत्या वारी जन्मले?”

पत्रिकेत गुरुवार होता. आप्पा दत्ताचे भक्त, जन्मभर गुरुवारचा उपास केला.

“म्हणजे याव,” आंटी म्हणाल्या. “पापा याव.”

शनिवारी संध्याकाळी दार वाजले. आंटी तांबड्याकाळ्या वस्त्रात, मागे शेजारचे दोघेतिघे. उजव्या हाताने त्यांनी एक पाकीट पुढे केले. हा दुखवटा होता! मी उजव्या हातानेच घेतला.

“आता वहीत लिहा. कुणी किती दिले ते लिहावे लागते.”

वही नव्हती. मी डायरी काढली, वर आप्पांचे नाव घातले आणि खाली एकेकाचे नाव व रक्कम मांडली. मंडळी गेली तेव्हा सहा वाजले होते. नागपुरात रात्रीचे साडेअकरा. तरी मी बहिणीला फोन लावला.