नवे गाव, जुनी बाकी

व्यापारी घराण्यांना गाव बदलणे नवे नाही. महाराष्ट्रातील बहुतेक गुजराती व मारवाडी जैन कुटुंबांत असा एखादा पूर्वज असतोच, जो कधीकाळी मोजके सामान आणि हिशेबाची वही घेऊन अनोळखी बाजारात उतरला होता. तरीही बार्शीच्या धान्यपेठेत तीन पिढ्या काढलेले एक गुजराती जैन कुटुंब गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर कोल्हापुरास आले, लक्ष्मीपुरीत त्याने डाळींचे दुकान मांडले, तेव्हा घरातील मंडळींच्या मनात उत्साहापेक्षा संकोचच अधिक होता. हे स्थलांतर केवळ व्यापारवृद्धीसाठी नव्हते. दोघा भावांची वाटणी झाली होती आणि ती गोडीने झाली नव्हती.

वाटणीच्या बैठकीत धाकट्या भावाने पंचांसमक्ष आरोप केला होता की, एका गिऱ्हाइकाकडून आलेली मोठी रक्कम थोरल्याने हिशेबात दाखविलीच नाही. थोरले, म्हणजे घरातले मोटाभाई, एवढेच म्हणाले, "वही तुझ्यापुढे आहे." त्या दिवसापासून दोघांचे बोलणे थांबले. पेढीचे नाव थोरल्याकडे राहिले; काही जुन्या वह्या आणि वृद्ध आई धाकट्याबरोबर कोल्हापुरास आली. आईला सारे घर 'बा' म्हणते. बार्शी सोडताना बा रडल्या नाहीत. फक्त दोन्ही मुलांच्या दुकानांच्या किल्ल्या एकदा हातात घेऊन त्यांनी परत दिल्या.

नव्या दुकानातील कपाटात जुन्या वह्या लावताना धाकट्या शेठनी सहज ते वर्ष उघडले. रोजमेळात ती रक्कम व्यवस्थित जमा होती. खतावणी करताना मात्र ती त्याच आडनावाच्या दुसऱ्या आसामीच्या खात्यावर चढली होती. त्या खतावणीतील अक्षर त्यांचे स्वतःचे होते. त्यांनी वही मिटली आणि पत्नीखेरीज कोणालाही काही सांगितले नाही. नव्या गावातील पहिल्या वर्षाला अशी सुरुवात झाली.

कोल्हापूर पाहुण्याला फार काळ पाहुणा राहू देत नाही. पाडव्यानंतर बाराव्या दिवशी, चैत्र शुद्ध त्रयोदशीस, महावीर जन्मकल्याणक आले. मिरवणुकीत कुटुंबाला पहिले नवल दिसले. बार्शीत जैन म्हटले की दुकानदार, असे मुलांना वाटे. येथे निम्म्याहून अधिक मंडळी शेतकरी दिसत होती. डोक्याला फेटा, पायांत कोल्हापुरी वहाण, बोलणे अस्सल मराठी आणि मध्येच कानडी. दक्षिण महाराष्ट्रातील दिगंबर जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या कृष्णा-पंचगंगेच्या काठी जमीन कसत आला आहे. शेजारच्या गाळ्यातील गुळाचे व्यापारी त्यांपैकीच. शिरोळ तालुक्यात त्यांचा ऊस. सारा बाजार त्यांना 'आप्पा' म्हणतो. त्यांनीच या कुटुंबाला पहिला 'जय जिनेंद्र' घातला.

त्रयोदशी सरते न सरते तोच चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा येते. उंचच उंच सासनकाठ्या नाचवीत, गुलाल-खोबरे उधळीत लोक वाडी रत्नागिरीच्या डोंगराकडे जातात आणि 'चांगभलं'चा गजर कानांत घुमत राहतो. दुसऱ्या दिवशी शहरात अंबाबाईचा रथ निघतो. अकरा वर्षांचा मुलगा रथ पाहून परतला तेव्हा त्याचा पांढरा सदरा गुलाबी झाला होता. बा रागावतील, असे त्याला वाटले. बांनी सदरा भिजत घातला आणि "रंग जाईल, आनंद राहील," एवढेच म्हणाल्या.

अक्षय तृतीयेस आप्पांनी शेतातून उसाची मोळी पाठविली. भगवान ऋषभदेवांनी दीर्घ उपवासानंतर हस्तिनापुरात श्रेयांस राजाच्या हातून इक्षुरस घेतला, ही कथा श्वेतांबर व दिगंबर दोघांनाही सारखीच प्रिय आहे. गुजरीच्या परिसरातील जिनालयात वर्षीतपाच्या पारण्यासाठी त्या मोळीतील काही ऊस गेला. बार्शीत पारण्याचा रस बाजारातून येई. येथे तो शेजाऱ्याच्या शेतातून आला.

सुट्टीच्या दिवशी भटकंती होऊ लागली. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर भेळवाला 'कांदा नाही ना?' असे आपणहून विचारू लागला. येथे जैन गिऱ्हाईक नवे नाही, हे मुलांना त्यातून कळले. शालिनी पॅलेस आणि पाण्यातला संध्यामठ पाहता पाहता परतण्याची वेळ सांभाळावी लागे, कारण घरी चोविहार. एका रविवारी सारे पन्हाळ्यास गेले. शहरापासून हा गड सुमारे वीस किलोमीटरवर आहे. मुलांना तीन दरवाजा आणि अंधारबाव आवडली. धाकटे शेठ मात्र अंबरखान्यापाशी रेंगाळले. गंगा, यमुना, सरस्वती अशी नद्यांची नावे असलेली ती प्रचंड धान्यकोठारे पाहून त्यांच्यातला डाळीचा व्यापारी सुखावला. मुलीने विचारले, "एवढ्या धान्याचा हिशेब कोण ठेवत असेल?" त्यावर ते काहीच बोलले नाहीत. पत्नीने त्यांच्याकडे पाहिले आणि विषय बदलला.

आषाढात पाऊस लागला. पावसाळ्यात कोल्हापूरकर एकमेकांची खुशाली विचारण्याआधी 'किती फूट?' असे विचारतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी मोजली जाते. ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका. २०१९ च्या महापुरात ती ५५ फुटांच्याही वर गेली होती. त्या आठवणी सांगत आप्पांनी आपल्या माणसांकरवी शेजाऱ्यांची खालची पोती फळ्यांवर उंच रचून घेतली. यंदा पाणी इशाऱ्यापर्यंत येऊन उतरले. मात्र त्या ओल्या आठवड्यात एक ठरलेले मोठे गिऱ्हाईक माल न घेताच परत गेले. कारण कळले नाही. नवीन दुकानाला अशा गोष्टी सोसाव्याच लागतात, असे म्हणून ते विसरले गेले.

मग पर्युषण आले. संवत्सरीचा दिवस भाद्रपद शुद्ध चतुर्थीचा आणि गणरायाच्या आगमनाचाही तोच. रस्त्यावर ढोल-ताशे, घरोघरी आरत्या. जिनालयात मात्र तीन तासांचे शांत प्रतिक्रमण. सायंकाळी बाहेर पडताना मुलाच्या शाळासोबत्यांनी त्याला दारातच गाठून दर्शनास नेले. कोणालाही त्यात विसंगती वाटली नाही.

संवत्सरीच्या रात्री धाकट्या शेठनी भ्रमणध्वनीवरून शे-दीडशे जणांना एकच मजकूर धाडला: मन-वचन-कायेने, कळत-नकळत काही दुखावले असल्यास मिच्छा मि दुक्कडम्. त्या यादीत मोटाभाईंचेही नाव होते. उत्तर आले, तेही तसेच छापील. बांनी विचारले, "मोटाला कळवलेस?" ते "हो" म्हणाले. उत्तर खोटे नव्हते. पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. नव्या गावात त्यांनी कोणाचे काही बिघडविले नव्हते. ज्याचे बिघडविले होते, त्याला 'कळत-नकळत' हे शब्द लागू नव्हते. ते सारे कळत होते.

श्वेतांबरांची संवत्सरी संपते आणि दुसऱ्याच दिवशी, पंचमीस, दिगंबरांचे दशलक्षण पर्व सुरू होते. उत्तम क्षमेपासून उत्तम ब्रह्मचर्यापर्यंत दहा धर्मांचे दहा दिवस, अनंत चतुर्दशीपर्यंत. त्यानंतर कृष्ण प्रतिपदेस क्षमावाणी. बार्शीच्या या कुटुंबाने हे पर्व इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते.

क्षमावाणीच्या सकाळी आप्पा बाजारातील एका दलालाला बरोबर घेऊन घरी आले. बसायला सांगितले, तरी ते उभेच राहिले. म्हणाले, "पावसाळ्यात तुमचा माल भिजलाय, असं मी या दलालाजवळ बोललो होतो. माझ्या डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. ऐकीव बोललो. तुमचं गिऱ्हाईक त्यामुळं गेलं. यांच्यादेखत बोललो होतो, म्हणून यांच्यादेखतच क्षमा मागतो." घरात क्षणभर कोणी हलले नाही. मग धाकट्या शेठनी आप्पांचे हात हातांत घेतले. दलाल ओशाळून जमिनीकडे पाहत होता. बा आतून गुळाची वाटी घेऊन आल्या. गूळ आप्पांच्याच दुकानातला होता.

आप्पांनी आणखी एक केले. येत्या रविवारी सर्वांनी बाहुबलीस यावे, असा आग्रह धरला. हातकणंगले तालुक्यातील कुंभोजजवळचे हे क्षेत्र कोल्हापूरपासून तासाभराच्या वाटेवर आहे. कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जन्मगाव. १८८७ मध्ये ते येथे जन्मले आणि शिक्षणासाठी पुढे कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले, हे आप्पा वाटेत अभिमानाने सांगत होते. क्षेत्रावर पोहोचल्यावर मात्र सारे गप्प झाले. कायोत्सर्गात उभी असलेली भगवान बाहुबलींची २८ फूट उंचीची संगमरवरी मूर्ती समोर होती. दिगंबर क्षेत्राजवळच टेकडीवर श्वेतांबरांचे पार्श्वनाथ मंदिरही आहे. एकाच वाटेने दोन्ही आम्नायांचे यात्रेकरू येतात-जातात.

मुलीने विचारले, "जिंकूनही राज्य सोडले, वर्षभर उभे राहिले, अंगावर वेली चढल्या, तरी केवलज्ञान का होत नव्हते?" आप्पांनी आपल्या परंपरेतील कथा सांगितली. भरताला माझ्यामुळे क्लेश झाला, मी त्याच्या भूमीवर उभा आहे, हे शल्य बाहुबलींच्या मनात होते. भरताने येऊन वंदन केल्यावर ते गेले. बांनी आपल्याकडची कथा सांगितली. धाकट्या अठ्ठ्याण्णव बंधूंनी आधी दीक्षा घेतली होती. त्यांना वंदन करावे लागेल, हा मान आड येत होता. ब्राह्मी व सुंदरी या बहिणींनी येऊन मानरूपी हत्तीवरून उतरण्यास सांगितले. वंदनास जाण्यासाठी बाहुबलींनी पाऊल उचलले आणि त्याच क्षणी केवलज्ञान झाले.

कथा संपल्यावर बा मुलाकडे वळून म्हणाल्या, "वर्षभर उभे राहिले, तेव्हा नाही झाले. पाऊल उचलले, तेव्हा झाले."

त्याच रात्री धाकट्या शेठनी बांना वहीची गोष्ट सांगितली. बा रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "गाडी किती वाजता काढायची?"

दुसऱ्या दिवशी सांगली-पंढरपूरच्या रस्त्याने ती दोघे बार्शीस गेली. धाकट्या शेठनी आधी पंचांपैकी दोघांना दुकानात बोलाविण्याची विनंती केली आणि त्यांच्या समक्ष रोजमेळ व खतावणी उघडून ठेवली. आपल्या अक्षरावर बोट ठेवून ते म्हणाले, "चूक माझी. आरोपही माझा. मोटाभाई, मला क्षमा करा." मोटाभाईंनी चष्मा लावून दोन्ही पाने सावकाश पाहिली. मग म्हणाले, "त्या दिवशी वही तुझ्यापुढे आहे म्हणालो, पण स्वतः उघडून पाहिली नाही. तेवढी चूक माझी." एवढे बोलून त्यांनी चहा मागविला.

वाटणी मोडली नाही. दोन दुकाने दोन गावांत राहिली. राहिली तेच बरे. पण दसऱ्याला मोटाभाई सहकुटुंब कोल्हापुरास आले. सूर्यास्ताच्या सुमारास सोने लुटायचे म्हणून घरच्यांनी लवकर जेवून घेतले आणि सारे दसरा चौकात गेले. अंबाबाईची आणि भवानीची पालखी आली, छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी आली, पूजा झाली आणि एकच झुंबड उडाली. चौकाजवळच दिगंबर जैन बोर्डिंग आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ पासून या शहरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली, त्यांतलेच ते एक. आप्पा तेथेच फाटकापाशी वाट पाहत उभे होते. धाकट्या शेठनी त्यांची ओळख करून दिली, "हे आमचे शेजारी."

मोटाभाईंनी हातातील आपट्याची पाने आधी आप्पांना दिली, मग धाकट्या भावाला. प्रथेप्रमाणे धाकट्याने वाकून नमस्कार केला. बा बाजूला कठड्यावर बसून पाहत होत्या. मुलाने त्यांच्या ओंजळीत सोने ठेवले, तेव्हा त्यांनी ती पाने दोन भागांत वाटली आणि पदराच्या दोन टोकांना बांधली. एक गाठ बार्शीची, एक कोल्हापूरची.

दिवाळीत चोपडापूजन झाले. नव्या वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक आणि 'श्री' लिहून झाल्यावर धाकट्या शेठनी मुलाला जवळ बसविले आणि मागील वर्षाची बाकी पुढे कशी ओढायची ते शिकविले. जी देणी फिटली, ती नव्या वहीत येत नाहीत, हे त्याला तेव्हाच समजले.