दीड मीटर आणि संत्र्याचे ट्रक

प्रिय सखे,

तुझं पत्र पोचलं. तिकडे जर्मनीत गावात सायकलीच्या बाजूने जाताना मोटारीने दीड मीटर जागा सोडायची, गावाबाहेर दोन मीटर, असा 2020 पासून कायदाच आहे म्हणे! आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "इथं तर तिच्यासाठी गल्लीतली म्हैसही हलत नव्हती."

तुला सांगते, मोहगावात सध्या आंबिया बहाराची धांदल आहे. संत्र्याचे ट्रक, पिकअप, सगळे सौंसरच्या रस्त्याला लागलेत. त्याच रस्त्याच्या कडेने आजूबाजूच्या खेड्यांतल्या नववीच्या पोरी, शासनाने फुकट दिलेल्या सायकलींवर. सायकल मिळाली, पण ती चालवायला जागा कोण देणार? ट्रक अंगाला चाटून गेला की वारा आधी बाहेर ढकलतो, मग आत ओढतो. डावीकडे डांबराची कड तुटलेली, खाली मुरूम. खड्डा चुकवायला सायकल थोडी डुलणारच गं, तू तर सपाट रस्त्यावरही डुलायचीस! त्या डुलण्यासाठीच तर दीड मीटर लागतो.

आता गंमत ऐक. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातले इयन वॉकर 2006 मध्ये सायकलीला अंतर मोजायचं यंत्र लावून स्वतःच रस्त्यावर हिंडले. हेल्मेट घातलं की गाड्या एरवीपेक्षा सरासरी 8.5 सेंटीमीटर जास्त जवळून जायच्या. मग त्यांनी बाईसारखा लांब केसांचा टोप चढवला, तर गाड्या लांबून जाऊ लागल्या! तू ती कमरेपर्यंतची वेणी उगाच कापलीस बघ. अर्थात आमच्या पोरींच्या दोन-दोन वेण्या लाल रिबिनींसकट लांबून दिसतात, त्यांना कुठे कोण जागा देतंय?

आपल्याकडेही 2019 च्या दुरुस्तीपासून नियम मोडून ओव्हरटेक करणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरतात. पण रस्त्यावर टेप घेऊन कोण उभं राहणार? ड्रायव्हर काही दुष्ट नसतात गं. हॉर्न वाजवला की आपलं काम झालं, आता सायकलवालीने बघावं, एवढाच त्यांचा हिशेब. मला तर हॉर्नचाच राग येतो. दचकून पोर नेमकी ट्रकच्या बाजूला वळते.

तुझ्या दादाने नवा पिकअप घेतलाय. मी काही बोलले की "आली मास्तरीण" म्हणतो. तुझं ऐकेल तो. फोन करशील तेव्हा सांग त्याला: पोरी दिसल्या की वेग कमी कर, समोरून गाडी येत असेल तर मागेच थांब, आणि जायचं तेव्हा चांगला उजवीकडे होऊन जा.

तुझीच