पोस्टमध्ये बघू

शूटिंगच्या सेटवर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "राहू दे, पोस्टमध्ये बघू." पोस्ट म्हणजे शूटिंगनंतरचं काम. ऊन उतरत चाललेलं असतं, कलाकाराला दुसऱ्या शूटिंगला पोचायचं असतं आणि बुरुजामागे मोबाइलचा टॉवर दिमाखात उभा असतो. शिवकाळात टॉवर नव्हते हे सगळ्यांनाच ठाऊक, पण कॅमेरा हलवायला सवड कुणाला? मग तो टॉवर, पायवाटेचा सिमेंटचा कठडा, मावळ्याच्या मनगटावरचा घड्याळाचा पट्टा, असा सगळा ऐवज हार्ड डिस्कमधून आमच्या टेबलावर येतो. व्हीएफएक्स म्हटलं की लोकांना उडणारे राक्षस आणि कोसळणाऱ्या इमारती आठवतात. आमचं पोट मात्र बरंचसं पुसापुशीवर चालतं.

पुसणं सोपं की अवघड, हे कॅमेऱ्यावर ठरतं. कॅमेरा स्टँडवर स्थिर असेल तर शेजारचं आभाळ उचलून टॉवरवर चढवलं की झालं. तो हलत असेल तर आधी ट्रॅकिंग, म्हणजे दगडाचा एखादा कोपरा धरून कॅमेऱ्याची हालचाल शोधायची आणि नवं आभाळ त्याच चालीने हलवायचं. त्यातच टॉवरसमोरून घोडेस्वार गेला की रोटो आलाच. स्वार, घोडा, उडणारी आयाळ, सगळ्यांची कड फ्रेमगणिक काढायची. टीव्हीसाठी सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे चार सेकंदांच्या दौडीला शंभर.

क्रोमाची, म्हणजे मागे एकरंगी पडदा लावून नंतर तिथे दुसरं दृश्य घालण्याची, तऱ्हा वेगळी. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर साधारणपणे दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो. हिरव्याची नोंद सगळ्यांत स्वच्छ मिळते आणि माणसाच्या त्वचेत तो रंग कमी, म्हणून पडदा हिरवा. पण आपल्या मालिकेतली नवरी हिरवा चुडा भरून त्याच पडद्यासमोर बसते. पडदा काढायला 'की' लावावी, तर पडद्याबरोबर बांगड्याही जातात आणि मनगटात पाऊस पडायला लागतो, कारण खिडकीबाहेर आम्हाला पाऊसच घालायचा असतो. मग हात रोटोने वेगळा काढायचा. तेवढ्याने भागत नाही. बांगडी काचेची, तिच्या आरपार मागचा पडदा दिसतो. तिथे आता पाऊस दिसायला हवा, पण काचेचा हिरवेपणा आणि तिच्यावरची चमक जाता कामा नये. ती चमक मी वेगळी उचलून ठेवते आणि सगळं झाल्यावर पुन्हा वर चढवते. इकडे नथीच्या मोत्यांत, गालाच्या कडेला पडद्याचा हिरवा उजेड सांडलेला असतो. तो जरा जास्त काढला की नवरी गुलाबी होते. निळा पडदा लावला असता तर हे टळलं असतं. पण त्यासाठी शूटिंगच्या आधी कपडेपटाने कॅमेरामनला चुड्याबद्दल सांगायला हवं, आणि ते सांगायचं कुणी, यावरच गाडी अडते.

नव्या मुलांना मी आधी कीबोर्डवरून हात काढायला लावते. प्लेट, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेलं मूळ चित्रण, बघा म्हणते. उजेड कुठून येतोय? सावलीची कड धारदार आहे की मऊ? फ्रेममधला सगळ्यांत काळा भाग किती काळा आहे? सह्याद्रीत दुपारी दूरचा डोंगर कधीच काळा दिसत नाही. मधल्या हवेने तो निळसर, फिकट होतो. त्या डोंगरावर आपण देऊळ बसवलं आणि त्याच्या गाभाऱ्याचा अंधार डोंगराच्या सावलीपेक्षा गडद ठेवला, की देऊळ झेप घेऊन पुढे येतं. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं. संगणकावर घडवलेली वस्तू मुळात अतिस्वच्छ असते. तिला लेन्सचा मऊपणा द्यायचा, सेन्सरचे दाणे चढवायचे, हलत असेल तर कॅमेऱ्याच्या शटरइतकीच पुसट करायची. माणूस उभा केला तर पावलं टेकतात तिथे काळी बारीक रेघ हवीच, नाहीतर तो तरंगतो. आकारातली चूक डोळा पोटात घालतो, उजेडातली घालत नाही.

असली नजरबंदी दादासाहेब फाळक्यांनी संगणकाविना केली. छायाचित्रण, छपाई आणि जादूचे प्रयोग हे तिन्ही त्यांच्या हाताखालून गेलेले. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'पासून त्यांच्या पडद्यावर देव प्रकट व्हायचे नि अदृश्य व्हायचे. त्या काळी अशा करामती कॅमेऱ्यातच व्हायच्या: फिल्मचा अर्धा भाग झाकून चित्रण करायचं, रीळ मागे गुंडाळायचं आणि उरलेल्या अर्ध्यावर पुन्हा चित्रण. मधे बघायची सोय नाही, 'अनडू' नाही.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती 1919 च्या 'कालिया मर्दन'ची सुरुवात. फाळके आधी आपल्या लहानग्या लेकीचा, मंदाकिनीचा चेहरा दाखवतात, त्यावरचे पालटते भाव दाखवतात आणि मग तिचा कृष्ण होतो. ही एक साधी मुलगी, हे प्रेक्षकाला ठाऊक करून देऊन मग ते तिला कालियाच्या डोहात उतरवतात. चित्रपट कसा तयार होतो, हे दाखवणारी छोटी फिल्मही त्यांनी काढली होती. आज आम्ही ब्रेकडाउन म्हणून आधीचा हिरवा पडदा आणि नंतरचा महाल शेजारीशेजारी दाखवतो, ती याचीच पुढची पायरी.

प्रेक्षक फसत नाही, तो आपणहून मान्य करतो. मात्र त्याने मान्य केलेल्या खोट्यात आपण हयगय केली, तर त्याला तो अपमान वाटतो आणि रास्त वाटतो. आता रोटोसुद्धा यंत्र क्षणात काढून देतं, आयाळीच्या कडा थरथरतात तेवढ्या हाताने सावरायच्या. उद्या त्याही सावरल्या जातील. उजेड कुठून येतोय हे विचारणारं माणूस तरीही लागेलच. लोक 'वा!' म्हणतील तो शॉट शोरीलमध्ये, म्हणजे आपल्या कामाच्या नमुन्यांत, खुशाल टाकावा. पण गडावरचा टॉवर गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही, तर त्या महिन्याचा पगार त्या शॉटने मिळवला असं समजावं.