साकुराच्या पलीकडची वस्ती

एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही दोघं क्योतोत होतो. साकुराखाली फोटो काढले. का काढू नयेत? पण स्टेशनजवळच्या सूजिनला जायचं, हे निघतानाच ठरलं होतं. ही बुराकू समाजाची जुनी वस्ती. मेलेली जनावरं, कातडं ही कामं त्यांच्या माथी मारलेली. आपल्याला वेगळं सांगायला नको.

‘बौद्धांच्या देशात जात कशी?’ असं आपलेच मित्र विचारतात. अहो, तिथे कित्येक बौद्ध मंदिरांनी बुराकू मृतांना मरणोत्तर नावंसुद्धा हीन अर्थाची दिली, थडग्यांवर कोरली! १८७१ च्या फर्मानाने दर्जा कागदावरून गेला, एवढंच. बावीस प्रतिज्ञांना नुसता विधी समजणाऱ्यांनी हे वाचावं.

३ मार्च १९२२ ला, महाडच्या पाच वर्षं आधी, याच शहरात बुराकूंची सुइहेइशा उभी राहिली. लगोलग तिने होंगान्जी मठांना कळवलं: वीस वर्षं आमच्याकडे देणगी मागू नका. ते मठ सूजिनपासून चालत जाण्याइतके जवळ आहेत.