दुबार नोंद



सूर्यास्ताआधी जेवणं आटोपली की संध्याकाळ मोकळी मिळते. गेल्या आठवड्यात अशाच वेळी नात वही घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. दहावीत आहे. डोळे लाल. "आजी, मी ढच आहे. बोर्डाला बेसिक गणितच घेते. आईला आत्ता सांगू नकोस."

म्हटलं, आधी गणित तर दाखव.

१४ सेंटिमीटर बाजूचा चौरस. चारही बाजूंवर आतल्या अंगाला एकेक अर्धवर्तुळ. ती एकमेकांवर चढून मधे चार पाकळ्यांचं फूल तयार होतं, आपल्या रांगोळीत असतं तसं. त्या फुलाचं क्षेत्रफळ काढायचं. "पण पाकळीचं सूत्रच नाही पुस्तकात!"

सूत्र मलाही माहीत नव्हतं. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली. मग जुन्या वर्तमानपत्राची दोन वर्तुळं कापली, त्यांचे चार अर्धे केले आणि चौरसावर मांडले. सगळा चौरस झाकला गेला, पण पाकळ्यांच्या जागी कागद दुहेरी झाला. बोट फिरवलं की कळत होतं.

"अगं, ही तर दुबार नोंद!" मी म्हटलं. एकच रक्कम वहीत दोनदा लिहिली की बेरीज फुगते. जेवढी फुगली, तेवढीच ती रक्कम. चार अर्धवर्तुळं म्हणजे दोन पूर्ण वर्तुळं. त्रिज्या ७, म्हणून एकाचे १५४, दोघांचे ३०८. चौरस मात्र १९६. जादा आले ११२ चौरस सेंटिमीटर. तेच फूल.

ताळा केल्याशिवाय मला चैन पडत नाही. मामंजींच्या कपाटात महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह' आहे, सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघानं १९६३ साली हिंदी अनुवादासह छापलेला. आचार्य नवव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. एकमेकांना टेकलेल्या चार सारख्या वर्तुळांच्या मधली जागा कशी काढायची, हे त्यांनी सांगितलंय: व्यासाच्या वर्गातून एका वर्तुळाचं क्षेत्रफळ वजा करा. १९६ वजा १५४, म्हणजे ४२. आमच्या चौरसात समोरासमोरची दोनच अर्धवर्तुळं ठेवली, तर उघडी राहते तीही ४२. दुसऱ्या जोडीचे आणखी ४२. फुलाबाहेरचे चार तुकडे मिळून ८४. १९६ मधून ८४ गेले, पुन्हा ११२!

नात हसली. पुढचं गणित तिनं एकटीनं सोडवलं. मग वही मिटताना हळूच म्हणाली, "आजी, 'अभ्यास झाला का' हे सकाळी आई विचारते आणि लगेच तू. मला एकच चूक दोनदा केल्यासारखं वाटतं."

रात्री सामायिकाला बसले तरी मन तिथंच. सूनबाई विचारते ते तिचं कामच आहे. मी विचारते ते काळजीपोटी, असं मी समजत होते. खरं तर घरात अजून माझंही चालतं, हे दाखवायचं असायचं.

दुसऱ्या दिवशी माझा प्रश्न बंद केला. पहिले दोन दिवस जीभ फार वळवळली. आता संध्याकाळी ती आपणहून वही आणते. बेसिक घ्यायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. ते तिचं तिनं आईशी बोलावं, एवढंच सांगितलंय.

तुमच्याही घरात अशी एखादी दुबार नोंद असेल. सापडली तर आपली आपण खोडावी.